विरजणाचा अर्धा गुण : विज्ञानाचे पेपर काढणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

प्रिय शिक्षक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

सहामाहीचे पेपर काढायचे दिवस आले, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे. तुमच्या हातात वेळ किती असतो ते मला ठाऊक आहे. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती, मतदार याद्या, आणि यातून जे उरेल त्यात विज्ञान. बुलडाणा जिल्ह्यात 31 वर्षं मी तेच केलं. त्यामुळे गेल्या वर्षीचा पेपर समोर ठेवून दोन-चार प्रश्न वर-खाली करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. माझं मागणं एका प्रश्नापुरतं आहे. दरवर्षी तो कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच: सजीव व निर्जीव असे वर्गीकरण करा. सजीवांची लक्षणे लिहा. सजीव म्हणजे काय?

हा प्रश्न विचारताना आणि तपासताना माझ्या हातून एकदा अन्याय झाला. तो आधी सांगतो.

सहावीचा पेपर होता. यादी नेहमीचीच: दगड, शेवाळ, खुर्ची, गांडूळ, मीठ, तुळस, दही, घड्याळ. दही मीच घातलं होतं, यादी आठाची व्हावी म्हणून, आणि माझ्या उत्तरसूचीत ते निर्जीवाच्या रकान्यात होतं. एका मुलीने ते सजीवाच्या रकान्यात लिहिलं. शिवाय समासात बारीक अक्षरात कारण दिलं: ‘विरजण थंडीने मरते. आई डब्याला गोधडी गुंडाळते. दूध जास्त गरम असले तरी मरते.’ मी लाल पेनाने फुली मारली, अर्धा गुण कापला आणि पुढचा पेपर ओढला. पेपर वाटले तेव्हा ती काही बोलली नाही. सहावीतली मुलगी सरांकडे येऊन ‘माझं बरोबर आहे’ म्हणत नाही. सरांनी फुली मारली म्हणजे चुकलं, असं समजून ती जागेवर जाऊन बसते.

दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात हे मला त्या दिवशीही माहीत होतं. वरच्या वर्गाला तेच शिकवत होतो: लॅक्टोबॅसिलाय, लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल, दुधातल्या प्रथिनांचं साखळणं. पण सहावीच्या पेपरात दही म्हणजे खायचा पदार्थ, आणि पदार्थ म्हणजे निर्जीव. डोक्यात दोन खोल्या होत्या आणि मधे दार नव्हतं. ते दार दोन-तीन वर्षांनी उघडलं, मंगळावरच्या एका प्रयोगाचं वर्णन वाचताना.

20 जुलै 1976 रोजी व्हायकिंग-1 मंगळावर उतरलं आणि 3 सप्टेंबरला व्हायकिंग-2. दोन्ही यानांवर मातीतला जीव शोधायचे तीन-तीन प्रयोग होते. त्यातला एक गिल्बर्ट लेविन या अमेरिकी संशोधकाचा. कल्पना अगदी घरगुती. मंगळाची थोडी माती घ्यायची, तिच्यावर पाण्यात कालवलेल्या खाऊचा थेंब टाकायचा आणि वाट बघायची. खाऊत फॉर्मेट, ग्लायसीन, अॅलनिन, लॅक्टेट अशी साधी कार्बनी द्रव्यं होती, आणि त्यांतला कार्बन किरणोत्सारी होता, म्हणजे खूण करून ठेवलेला. मातीत खाणारं कुणी असेल तर ते वायू सोडेल आणि त्या वायूत खुणेचा कार्बन सापडेल. वायू आला. दोन्ही यानांवर आला, आणि त्या दोन जागा एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर होत्या.

मग तिथे जे केलं गेलं ते वाचताना माझा हात थांबला. मातीचा दुसरा नमुना 160 अंश सेल्सिअसला तीन तास भाजला आणि त्याला तोच खाऊ दिला. वायू आला नाही. भाजलेली माती गप्प राहिली. एखाद्या रासायनिक गडबडीने वायू येत असेल तर भाजूनही तो यायला हरकत नव्हती. जिवाने येत असेल तर भाजल्यावर थांबणार. दूध जास्त गरम असले तरी मरते! मंगळावर जीव आहे की नाही हे ठरवायला माणसाने जी कसोटी कोट्यवधी किलोमीटर दूर पाठवली, ती माझ्या वर्गातल्या मुलीने पेपराच्या समासात लिहिली होती आणि मी तिच्यावर फुली मारली होती. पेपर तोवर रद्दीत गेला होता.

व्हायकिंगची गोष्ट तिथे संपत नाही, आणि वर्गात सांगताना ती तिथे संपवूही नका. त्याच यानांवरच्या दुसऱ्या उपकरणाला मातीत कार्बनी द्रव्यं जवळजवळ सापडलीच नाहीत. खाणारा आहे म्हणायचं, पण त्याचं शरीर कशाचं? शिवाय त्याच मातीला दुसऱ्यांदा खाऊ दिला तेव्हा नवा वायू आला नाही. जिवंत काही असतं तर दुसऱ्या घासालाही ते धावलं असतं, असं बहुतेकांचं मत पडलं. पुढे 2008 साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट ही क्षारं सापडली. ती तापवली की कार्बनी द्रव्यं जाळून टाकतात, म्हणजे व्हायकिंगच्या उपकरणाने जे शोधायचं तेच तापवताना नष्ट केलं असण्याची शक्यता आहे. आणि अशा मातीतून जिवाशिवायही वायू निघू शकतो. लेविन 2021 साली वारले; आपल्याला जीव सापडला होता असं ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ ते मानत नाहीत. एकाच प्रयोगाकडे बघून जाणती माणसं जवळपास पन्नास वर्षं दोन बाजूंना उभी आहेत, आणि आपण दहा वर्षांच्या पोराला त्याच प्रश्नावर दोन रकाने आखून देतो.

आता कुणी विचारेल, उष्णतेने बंद पडतं ते सगळं सजीव का? अर्थात नाही. खरा अभ्यास इथूनच सुरू होतो.

माझी आजी शेजारणीकडे दोन गोष्टी मागायला जायची: विस्तव आणि विरजण. दोन्ही थोडेसे मिळाले तरी पुरत. दोन्हींना घरी आणून खायला घालावं लागे, एकाला गोवऱ्या आणि दुसऱ्याला दूध. दोन्ही एकाचे दोन होत, दोघांनाही जपावं लागे आणि दोन्ही दुर्लक्षाने मरत. आता आपली लक्षणांची यादी विस्तवाला लावून बघा. तो वाढतो, ऑक्सिजन घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, राख मागे टाकतो, हलतो, फुंकर घातली की प्रतिसाद देतो, एका चुलीतून दहा चुलींत जातो. पेशी नाहीत म्हणून आपण त्याला नापास करतो. पण पेशी असणं हे पृथ्वीवरच्या सजीवांचं निरीक्षण आहे. दुसरीकडे कुठे असंच असलं पाहिजे हे कुणी ठरवलं?

विस्तव आणि विरजण यांतला फरक मला आजीच्याच बोलण्यात सापडला. ती एका घरचं विरजण कधीच आणायची नाही. म्हणायची, त्यांचं दही आंबट आहे, आणलं तर आपलंही आंबट होईल. दूध आपल्या म्हशीचं, भांडं आपलं, चूल आपली, तरी दही त्यांच्यासारखं. विरजण आपल्याबरोबर आपला स्वभाव घेऊन येतं. विस्तव आणत नाही. बाभळीच्या लाकडावर पेटलेला निखारा तुराट्यांत टाकला की आग तुराट्यांसारखीच जळते, बाभळीची आठवण तिच्यात राहत नाही. विरजणात आठवण राहते, कारण तिथे जिवाणूंची जनुकं एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरतात, उतरताना थोडीशी चुकतात, आणि त्या चुकांतून दुधात जास्त चांगले टिकणारे पुढे जातात. दह्यातल्या जिवाणूंच्या जनुकसंचात हे उघड दिसतं. माणसाने पाळलेल्या जनावरांच्या दुधात पिढ्यान्‌पिढ्या राहून त्यांची कितीतरी जनुकं निकामी झाली आहेत, कारण दुधात त्यांची गरजच पडत नाही.

 

हीच गोष्ट 1994 साली नासाच्या एका समितीने एका वाक्यात मांडली. भावार्थ असा: जीवन म्हणजे स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनने सांगितलेल्या रीतीने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. आज ही व्याख्या सर्वांत जास्त वापरली जाते. विस्तव तिच्यात बसत नाही, विरजण बसतं. मला ती आवडते. पण तिच्यावरही फुल्या मारणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. खेचर उत्क्रांत होत नाही, कारण त्याला पिल्लंच होत नाहीत. मग खेचर निर्जीव? एकटा ससा प्रजनन करू शकत नाही, मग दोन ससे सजीव आणि एक निर्जीव? व्याख्या करणारे म्हणतात की आम्ही एका प्राण्याबद्दल बोलत नाही, साऱ्या व्यवस्थेबद्दल बोलतो. ठीक. पण मंगळावर उतरलेल्या यानाने उत्क्रांती बघायची कशी? तिला हजारो पिढ्या लागतात आणि यानाकडे बॅटरी असते.

आपल्या पुस्तकी यादीची अवस्था याहून नाजूक आहे. ‘ठरावीक आयुर्मान’ हे लक्षण आपण लिहून घेतो. अमिबा दुभंगला आणि दोन झाले, तर मेला कोण? ‘चेतनाक्षमता’ लिहून घेतो. जगदीशचंद्र बोस यांनी 1901 साली लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवलं होतं की धातूलाही वारंवार चेतना दिली की त्याचा विद्युत प्रतिसाद स्नायूसारखा थकतो आणि विश्रांतीनंतर परत येतो. ‘वाढ’ लिहून घेतो, आणि त्याच तासाला मोरचुदाचा स्फटिक दोऱ्याला लटकवून वाढताना दाखवतो.

आणि बियाणं? इस्रायलमध्ये मसाडा नावाचा प्राचीन किल्ला आहे. तिथल्या उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या, सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या. 2005 साली त्यातली एक पेरली आणि ती रुजली. त्या 2000 वर्षांत बी श्वास घेत होतं म्हणायचं की नव्हतं? वाढत नव्हतं, हलत नव्हतं, प्रतिसाद देत नव्हतं. यादी लावली तर निर्जीव. पण दगड पेरून खजूर येत नाही. आपल्या घरच्या डब्यातली कोरडी मटकी हाच प्रश्न रोज विचारते आणि आपण तिला भिजत घालून मोकळे होतो. विषाणूंचं तर सगळ्यांना माहीत आहे. तिथे पुस्तकही ‘सीमारेषेवर’ असा शब्द वापरतं. मला वाटतं तो एकच शब्द त्या धड्यातला सर्वांत खरा शब्द आहे, आणि त्यावर प्रश्न येत नाही.

मग व्याख्या का जमत नाही? यावर कॅरोल क्लेलंड या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी एक उत्तर दिलं आहे, ते मला पटतं. त्या पाण्याचं उदाहरण देतात. रेणू माहीत नव्हते तोवर पाणी म्हणजे काय हे लोक गुणांवरून सांगत: पातळ, पारदर्शक, तहान भागवणारं, पदार्थ विरघळवणारं. त्यामुळे जे जे पातळ आणि विरघळवणारं त्याला ते पाणीच म्हणत. आपल्या भाषेत याचा पुरावा अजून आहे. सराफ ज्या आम्लाला तेजाब म्हणतात त्यातला ‘आब’ म्हणजे फारसीत पाणी, जसं गुलाबातलं ‘आब’. तेजाब म्हणजे जहाल पाणी. युरोपातही सोनं विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणाला ‘राजाचं पाणी’ म्हणत. आपण अम्लराज म्हणतो. अठराव्या शतकाच्या शेवटी पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं बनलेलं आहे हे कळलं आणि घोळ एकदम मिटला. तो आणखी नेटकी व्याख्या करून मिटला नव्हता, पाणी कशाचं आहे हे कळल्यावर मिटला. जिवाच्या बाबतीत आपण अजून त्या ‘तेजाब’च्या काळात आहोत. कारण आपल्याकडे नमुना एकच आहे. गांडूळ, वड, दह्यातला जिवाणू, मी आणि तुम्ही, सगळे एकाच घराण्यातले. सगळ्यांची जनुकांची लिपी तीच, प्रथिनं बांधायची वीस अमिनो आम्लंही साधारण तीच. एकच भाषा ऐकलेल्या माणसाने ‘भाषा म्हणजे काय’ हे सांगावं, तसं आपलं चाललं आहे. दुसरी भाषा एकदा तरी कानावर पडायला हवी.

ती ऐकायची धडपड सध्या जोरात चालू आहे, आणि त्याच्या बातम्या मुलांच्या हातातल्या फोनवर तुमच्या तासाच्या आधी पोचतात. मी निवृत्त झालो तरी गल्लीतली पोरं येतात. एप्रिल 2025 मध्ये एकजण धावत आला, ‘सर, एलियन सापडले!’ बातमी के2-18बी या ग्रहाची होती. आपल्यापासून सुमारे 124 प्रकाशवर्षं दूर, सिंह राशीच्या दिशेला. केंब्रिजमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे निक्कू मधुसूदन आणि त्यांचे सहकारी यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत डायमिथाइल सल्फाइड किंवा तशाच एका वायूच्या खुणा दिसल्या. पृथ्वीवर तो वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे हवेत येतो. मधुसूदन यांनी स्वतःच सांगितलं होतं की खात्रीने बोलायला अजून निरीक्षणं लागतील. पुढे इतर गटांनी तीच आकडेमोड पुन्हा केली आणि खूण पुरेशी ठळक नाही असं म्हटलं. हाच वायू एका धूमकेतूवरही आढळला आहे, जिथे समुद्र नाही की शेवाळ नाही. मी त्या पोराला हे सगळं सांगितलं. तो हिरमुसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ‘म्हणजे अजून चालू आहे?’ हो, अजून चालू आहे. त्याचे डोळे बघायला तुम्ही हवे होतात.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरची बातमी आली. जेझेरो विवरात, एका जुन्या नदीच्या पात्रात, एका खडकावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके सापडले होते. त्यात व्हिव्हिअनाइट आणि ग्रेगाइट ही लोहाची खनिजं असावीत असं उपकरणं सांगतात. पृथ्वीवर चिखलात सूक्ष्मजीव काम करतात तिथे ही खनिजं तयार होतात. पण जिवाशिवायही होऊ शकतात. शास्त्रज्ञांनी शब्द वापरला ‘संभाव्य जैवखूण’. त्यातला ‘संभाव्य’ आपल्या मथळ्यांतून गळून पडला. नमुना नळीत बंद होऊन मंगळावरच आहे. आणि 14 ऑक्टोबर 2024 रोजी निघालेलं युरोपा क्लिपर हे यान गुरूच्या बर्फाळ चंद्राजवळ 2030 मध्ये पोचेल. त्या वर्षी ही पोरं कॉलेजात असतील. ‘सजीव म्हणजे काय’ हा प्रश्न त्यांना पेपरात नाही, बातम्यांत भेटेल.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण वर्गात सांगायला मला फार आवडायचं, आणि त्यातल्या माणसाबद्दलच्या आदराने मी ते इथे लिहितो. डॉ. जयंत नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले. जीव अंतराळातून पृथ्वीवर आला असावा या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या कल्पनेकडे त्यांनी गंभीरपणे पाहिलं, पण नुसती चर्चा केली नाही. इस्रोच्या मदतीने हैदराबादहून मोठे फुगे आकाशात सोडून सुमारे 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणवले, 2001 मध्ये आणि पुन्हा 2005 मध्ये. दुसऱ्या वेळी गोळा केलेले नमुने हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन प्रयोगशाळांना स्वतंत्रपणे तपासायला दिले, एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून. 12 जिवाणूंच्या आणि 6 बुरशींच्या वसाहती वाढल्या. तीन जिवाणू नव्या जातींचे निघाले, आणि 2009 मध्ये त्यांची नावं जाहीर झाली: एकाला हॉईल यांचं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. वर तीव्र अतिनील किरण असताना हे तगले कसे, हा प्रश्न उरला. हे अंतराळातूनच आले असा दावा मात्र इस्रोने केला नाही. हा अभ्यास तसं ठामपणे सिद्ध करत नाही, पण पुढे काम करायला उत्तेजन देतो, असंच निवेदनात म्हटलं. पुढे आर्यभटाच्या नावाचा तो जिवाणू शेतातल्या मातीतही आढळला. इतकी वर्षं, इतका खर्च, आणि शेवटी ‘अजून सांगता येत नाही’. असं उत्तर आपल्या पेपरात आलं असतं तर आपण किती गुण दिले असते?

आमच्या जिल्ह्यात लोणार आहे. उल्का आदळून झालेलं हे विवर बेसाल्ट खडकात आहे, आणि मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचा, म्हणून जगभरचे अभ्यासक इथे येतात. मी दरवर्षी सहल न्यायचो. धारेवरून खाली उतरून कमळजा देवीच्या देवळापाशी पोचलो की पोरांना तांबडा लिटमस द्यायचो. पाण्यात बुडवला की तो क्षणात निळा. पाणी इतकं अल्कधर्मी की पीएच दहाच्या आसपास. वास नाकात बसतो, कडेच्या चिखलात चप्पल रुतते आणि काढली की काळा लगदा वर येतो. मग विचारायचो, ‘या पाण्यात जीव आहे?’ मासे नाहीत, म्हणून सगळे एका सुरात ‘नाही’ म्हणायचे. मी काचेच्या बाटलीत पाणी भरून उन्हाकडे धरायचो. हिरवं दिसायचं. ते हिरवं म्हणजेच जीव, सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ, गच्च भरलेलं. खालच्या चिखलात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीवही राहतात. जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की पाणी आटून क्षार वाढले आणि मिठात रमणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव वाढले, हा त्यांचा रंग. आमच्या गावातली म्हातारी माणसं काही वेगळंच सांगत होती, पण पोरांनी तेव्हा फोन करून मला विचारलं, ‘सर, ते बाटलीतलं हिरवं कुठे गेलं?’ हा प्रश्न मी त्यांना शिकवला नव्हता. तो बाटलीने शिकवला.

म्हणून माझं मागणं. वर्गीकरणाच्या प्रश्नाला दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना ठेवा: ‘ठरवता येत नाही’. आणि यादीत निदान एक वस्तू अशी घाला की जिच्यावर तुम्हालाही थांबावं लागेल. कोरडी मटकी, विषाणू, विरजण, अंड्याच्या दुकानातलं अंडं. त्या एका वस्तूसाठी ‘का’ लिहायला दोन ओळी सोडा आणि गुण त्या दोन ओळींना द्या, रकान्याला नको. मुलाने काही पाहिलेलं लिहिलं असेल, गोधडी गुंडाळलेला डबा असो की भिजलेल्या मटकीचे मोड, तर पूर्ण गुण. समासात लिहिलेलं वाचा. मी वाचलं होतं, तरी फुली मारली. तसं करू नका.

तुम्ही म्हणाल, गुणदान सारखं कसं राहील? तपासणारे दहा, मतं दहा. मान्य. पण ‘कारणे द्या’ आपण भाषेत आणि इतिहासात तपासतोच, तिथे कुणी उत्तरसूचीविना मरत नाही. दुसरी हरकत मला जास्त महत्त्वाची वाटते: लहान वयात पाया पक्का करावा, गोंधळ पुढे. यावर माझा अनुभव सांगतो. गोंधळ आपण घालत नाही, पोरं तो घेऊनच वर्गात येतात. बी मेलेलं आहे की झोपलेलं, हे शेतकऱ्याच्या घरातलं पोर पेरणीच्या आधी गोणपाटावर दाणे भिजवून, किती उगवले ते मोजून बघतं. त्याचा हा अभ्यास आपण शाळेच्या दारात उतरवून ठेवायला लावतो. लक्षणांची यादी शिकवा, ती कामाची आहे. तिच्या खाली ‘व्याख्या’ हा शब्द लिहू नका, आणि यादीतलं कुठलं लक्षण कुठे अडकतं हे त्याच तासाला एकदा तरी दाखवा.

आणि पेपराच्या आधी एक प्रयोग करून घ्या, त्याला खर्च नाही. तीन वाट्या. पहिलीत कोमट दूध आणि चमचाभर विरजण. दुसरीत तेवढंच कोमट दूध, विरजण नाही. तिसरीत तेवढंच दूध, पण विरजण आधी कडकडीत पाण्यात दहा मिनिटं उकळून थंड केलेलं. तिन्ही वाट्या झाकून एकाच जागी रात्रभर ठेवायला सांगा, थंडी असेल तर एकाच गोधडीत. दोन घरची विरजणं मिळाली तर चौथी वाटी लावा, आणि चवीचा फरक कुणाकडून आला ते विचारा. सकाळी झाकण काढण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: कुठल्या वाटीत दही लागलं असेल, आणि तसं का वाटतं. मग झाकण काढायचं. त्यानंतर तास संपेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
बुलडाणा जिल्हा